एकेचाळिसाव्या पानावरची निळी ओळ

तुम्ही गेलात त्याला आज एकोणीस दिवस झाले. रडायला येणाऱ्या बाया मला गळ्याशी धरतात, स्वतःच रडतात आणि जाताना उंबऱ्यावर एकमेकींना म्हणतात, "हाई बाई काहीच बोलत नही. दगड शे दगड." मी बोलत नाही हे ऐकायची मला सवय आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ऐकते आहे. पण या वेळी मी दुःखाने गप्प बसलेली नाही. मला तुमचा राग आला आहे. गेलेल्या माणसाविषयी चारचौघांत वाईट बोलायचं नसतं, म्हणून लिहिते. हे कोणी वाचणार नाही.

सगळे तुमची स्तुती करून जातात. आप्पांसारखा सरळ तलाठी पुन्हा होणार नाही, कधी कोणाच्या घरचा चहा फुकट प्यायला नाही, पान न पान चोख. मी मान हलवते. तुमच्या त्या चोख पुस्तकातलं एकेचाळिसावं पान चोख का नाही, हे गावात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातले तुम्ही गेलात. आता एकटी मी उरले.

सोनीबाईचं तीन एकर वावर त्या पानावर आहे. नाल्याच्या अंगाचं, काळ्या मातीचं. तिचा नवरा काशीराम मेला तेव्हा त्याच्या जागी तिचं नाव लागायला हवं होतं. तिच्या दिराचं, दौलतचं, नाव लागलं. गेली तीन वर्षं ती आपल्याच वावरात दौलतच्या हाताखाली निंदणी करते. तो संध्याकाळी तिला मजुरी देतो आणि ती घेते. तुम्ही हे पाहत होतात. बदली झाल्यापासून रविवारी विसरवाडीहून घरी यायचात तेव्हा बसमधून उतरून त्याच वावराच्या कडेने चालत यायचात.

तुम्ही माझं काही चांगलं केलं नाही असं मी म्हणत नाही. लग्नात मी चौथी पास होते आणि घरात एवढंच सांगितलं जायचं की पोरगी चिठ्ठी वाचते. पहिल्या वर्षी तुम्ही एकदा धुण्याची यादी बघितली. मी कोळशाने भिंतीवर लिहिली होती. दुसऱ्या दिवशी शाईची दौत, टाक आणि चार कोरे कागद माझ्यासमोर ठेवलेत. म्हणालात, "ळ ले शेपटी मोठी काढ. लहान काढशी तर कोणले वाचता येवाव नही." महिनाभर तुम्ही माझ्याकडून रोज एक पान लिहून घेतलंत. मला वाटलं, नवऱ्याला हौस आहे. मग समजलं, मदतनीस हवा होता.

पण तेव्हाही मला आवडलं होतं. खोटं कशाला बोलू. दुपारी पुरुष वावरात असायचे, सासूबाई निजायच्या, आणि मधल्या खोलीचं दार लोटून मी सरकारी पुस्तकाची नक्कल करायचे. कोणाचं वावर किती, कोणाची विहीर, कोणाच्या बांधावर आंब्याचं झाड. मी कधी ज्यांच्या घरी गेले नाही, त्यांच्या शेताचे चारी कोपरे मला पाठ होते. रस्त्याने जाताना मी खाली मान घालून चालायचे आणि मनात म्हणायचे, हे चौतिसावं पान चाललंय, हे सत्तावीस.

तुम्ही नियम घालून दिला होता. दप्तराला एकच टाक. टाक ज्याच्या हातात, पुस्तक त्याचं. दुसऱ्याने हवं तर वाचावं, शेजारी बसावं, पण लिहू नये. टाक जागेवर नसेल तर समजायचं, कोणीतरी लिहितंय, आणि थांबायचं. मी एकदा विचारलं, "दोन टाक ठेवले तर काम लवकर होईल ना?" तुम्ही म्हणालात, "काम लवकर व्हई आनि सत्यानाशबी लवकर व्हई." मग पोलीसपाटलाच्या विहिरीची गोष्ट सांगितलीत. ती विहीर मागे दोन कारकुनांनी एकाच दिवशी दोन वेगळ्या माणसांच्या नावाने लिहिली होती, आणि दोघांच्या पोरांनी पुढे एकमेकांची डोकी फोडली.

दुसरा नियम, ओळ अर्धी टाकून उठायचं नाही. तिसरा, शाई वाळल्याशिवाय पान मिटायचं नाही. एकदा चुलीवर दूध उतू जात होतं. मला वास येत होता, सासूबाई झोपेतून ओरडल्या, "अवं, दूध!" आणि मी विठोबा उखाजी याच्या बांधावरचं बाभळीचं झाड पुरं करत बसले होते. ओळ संपवली, टाक अंबाड्यात खोचला, कारण खाली ठेवला तर कोणी उचलेल, आणि मग चुलीकडे गेले. अर्धं दूध राखेत. सासूबाईंनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तुम्ही मात्र हसलात. "हाई खरी तलाठीन," म्हणालात. त्या एका शब्दावर मी वर्षभर जगले. आज तो आठवला की मला माझीच चीड येते.

तुमची टोपीही मी विसरलेले नाही. नियम सगळे माझ्यासाठी होते. तुम्ही स्वतः गावातली अर्धी माहिती टोपीच्या घडीत घेऊन फिरायचात. रस्त्यात कोणी भेटलं, सांगितलं की बाप वारला, वाटणी झाली, तर चिठोऱ्यावर लिहायचं आणि टोपीत खोचायचं. सवड झाली की पुस्तकात उतरवीन. एका पावसाळ्यात मी ती टोपी न बघता सोड्यात भिजवली. पाच चिठ्ठ्यांचा लगदा झाला. मी तुमच्यापुढे तो लगदा धरला. तुम्ही ओरडला नाहीत. पंचा डोक्याला गुंडाळून गेलात आणि पाचही घरी पुन्हा विचारून आलात. "मन्हीच चूक शे," म्हणालात, "जे लिहेल नही ते खरं नही." मला तेव्हा वाटलं, एवढा मोठा माणूस आपल्या नशिबी.

म्हणून तर राग जास्त येतो. चूक झाल्यावर काय करायचं हे तुम्हाला माहीत होतं.

काशीराम वारला त्या वर्षी पुस्तक नव्याने लिहायचं होतं. जुनं फाटलं होतं, खाडाखोडीने भरलं होतं. एकशे बारा पानं. जुन्यावरून नवं उतरवायचं, मुळाशी ताडून बघायचं, खाली तुम्ही सही करायची आणि जुनं तालुक्याला पाठवायचं. त्यानंतर गावात नवं पुस्तक तेच खरं. तुम्हाला फिरतीच फार होती. सगळी पानं मी लिहिली. तुम्ही रोज संध्याकाळी विचारायचात, "आज किती?" मला तोंडाने सांगायला लाज वाटायची, म्हणून मी आपल्या जुन्या शाळेच्या वहीच्या मागच्या बाजूला लिहून ठेवायचे. वार, तिथी, कुठून कुठवर. कमी झालं असेल तर का कमी झालं तेही. तुम्ही वही बघून मान हलवायचात.

त्याच हिवाळ्यात तुम्ही सारंगखेड्याच्या यात्रेतून फाउंटन पेन आणलंत. निळ्या शाईचं, सोनेरी टोपणाचं. खिशाला लावून गावभर फिरलात. मी विचारलं, "मग आता दप्तराला दोन झाले की." तुम्ही म्हणालात, "हाऊ शोभाना शे. दप्तरना टाक एकच."

नक्कल चालू असताना एका शुक्रवारी सर्कल, तुमचे वरचे साहेब, आले. पुढच्या ओसरीवर बैठक. काशीराम दिवाळीआधी वारला होता, सोनीबाईच्या नावाचा फेरफार तुम्ही लिहून ठेवला होता, त्यावर सर्कलने सही केली. तारीख घालायला विसरले. मग तुम्हाला म्हणाले, "अंमल आत्ताच द्या पुस्तकात, माझ्या डोळ्यांदेखत." हे मला पुढे तुमच्याकडून कळलं, तेव्हा माझं लक्ष ओळीत होतं. तेवढ्यात तुम्ही चहा सांगितलात. मी ओळ पुरी केली, टाक अंबाड्यात खोचला आणि चुलीपाशी गेले.

तुम्ही मधल्या खोलीत आलात. पुस्तक उघडं होतं, अठ्ठावन्नाव्या पानावर. दौतीजवळ टाक नव्हता. थांबायला हवं होतं. दोन पावलं टाकून मला विचारायला हवं होतं. पण बाहेर साहेब बसले होते. दप्तराचा टाक बायकोच्या अंबाड्यात आहे, हे तुम्हाला त्यांच्यापुढे यायला नको होतं. तुम्ही जुनं पुस्तक उचलून बाहेर नेलंत, एकेचाळिसावं पान काढलंत आणि खिशातल्या पेनाने काशीरामचं नाव कंस करून सोनीबाईचं लिहिलंत. सर्कल म्हणाले, "वा, नवीन पेन!" तेवढं मी ऐकलं, पण कशाला म्हणाले ते समजलं नाही. पुस्तक तुम्ही होतं तसं अठ्ठावन्नाव्या पानावर उघडं ठेवून गेलात. मला एका शब्दाने सांगितलं नाहीत. न त्या दिवशी, न नंतर.

एकेचाळिसावं पान माझं मंगळवारीच उतरवून झालं होतं. मी अठ्ठावन्नपासून पुढे गेले. मागे वळून बघायचं मला कारण नव्हतं. टाक माझ्याकडे होता ना. टाक माझ्याकडे असताना मागचं पान बदलत नाही, हे तुम्हीच शिकवलं होतं.

नक्कल पुरी झाली तेव्हा तालुक्याची गाडी दारात उभी होती. एकशे बारा पानं ताडायला दोन दिवस लागले असते. तुम्ही शेवटच्या पानावर लिहिलंत, "मुळाशी ताडून पाहिली, बरोबर आहे," आणि सही केलीत. मी म्हटलं, "वाचून बघा ना एकदा." तुम्ही म्हणालात, "तू लिहेल शे ना? मंग." मी त्याचाही अभिमान धरला. तुमचा विश्वास म्हणून. तो विश्वास नव्हता, तुम्हाला घाई होती.

पुढच्या उन्हाळ्यात तुमची बदली विसरवाडीकडे झाली. नवा तलाठी आला, त्याने नवं पुस्तक उघडलं. त्यात काशीराम आणि दौलत, दोन भाऊ. काशीराम वारलेला. दिवाळीनंतर दौलतने सांगितलं, काशीरामला कोणी नाही, बाई होती ती पाटाची होती, गेली माहेरी. सोनीबाई कुठे गेलेली नव्हती, वेचणीला लोणखेड्याला गेली होती, कापसाच्या दिवसांत महिनाभर. परत आली तेव्हा वावर दौलतचं झालं होतं. ती तालुक्याला गेली. तिथे जुनं पुस्तक निघालं. त्यात तिचं नाव निळ्या शाईत. दौलतचा वकील म्हणाला, नक्कल काळ्या शाईत, तिच्यात हे नाव नाही. म्हणजे नक्कल होताना ते मुळातही नव्हतं. नक्कल झाल्यावर, पुस्तक तालुक्याला जायच्या आधी, कोणीतरी घुसवलं. सर्कलच्या सहीला तारीख नाही, आणि सर्कल तर पेन्शनीत जाऊन वारले.

मग साक्षीला तुम्हाला बोलावलं.

तुम्ही काय सांगितलंत ते मला तुमच्याच तोंडून कळलं. त्या दिवशी जेवताना तुमचा घास तोंडाशी जात नव्हता. तुम्ही सांगितलंत की नक्कल तुम्ही स्वतः केली, मुळाशी ओळीओळीने ताडली. निळी ओळ कधी लिहिली, असं विचारलं तर म्हणालात, आठवत नाही.

मी विचारलं, "आणि खरं काय आठवतं?"

तुम्ही ताटाकडे बघत सगळं सांगितलंत. सर्कल, चहा, पेन. मी विचारलं, "टाक?"

"टाक तुन्हापान व्हता."

"मग सांगा ना जाऊन."

"काय सांगू? मन्ही बायको सरकारी पुस्तक लिखस, आसं सांगू मामलेदारले? नोकरी जाई मन्ही."

"सोनीबाईचं वावर गेलं."

"तुले काय करनं शे? चौथी शिकेल बाई, कायदा शिकाडस माले."

चौथी. एकशे बारा पानं लिहिली तेव्हा मी किती शिकलेली होते हे तुम्हाला आठवलं नव्हतं.

त्यानंतर तीन वर्षं आपण हेच भांडलो. दर रविवारी. कधी मी दोन वाक्यं बोलायचे, कधी एक, कधी नुसतं तुमच्या ताटात वाढताना थांबायचे आणि तुम्ही म्हणायचात, "आते नको सुरू करू." तारखा पुढे पुढे जात राहिल्या. मला वाटायचं, तुमचं मन कधीतरी तुम्हाला खाईल. खात होतं बहुतेक. शेवटच्या रविवारी तुम्ही ओसरीवर खूप वेळ बसलात आणि म्हणालात, "पेन्शन व्हवू दे. मंग सांगसू." मी म्हटलं, "पेन्शनला चार वर्षं आहेत. ती चार वर्षं निंदायला जाईल." तुम्ही तोंड फिरवलंत. सोमवारी छातीत दुखलं म्हणून निरोप आला. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला तुमच्याशी भांडायचं राहिलं होतं आणि लोकांनी मला तुमच्या पायांवर डोकं ठेवायला लावलं.

काल सोनीबाई आली. बाकीच्या बाया तिला बघून गप्प झाल्या. ती माझ्यापुढे उकिडवी बसली.

"वहिनी, मी रडाले नही उनू."

मी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"मंगळवारले तारीख शे. शेवटली. आप्पा त गया. आते कोण सांगी?" तिने माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. "तुले काही माहीत शे का?"

सगळ्या बाया बघत होत्या. मी नुसती मान हलवली. हो म्हणून. तिला समजलं. ती उठली आणि म्हणाली, "मंग मंगळवारले सकायमा येसू." आणि गेली.

सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, असा घरातला रिवाज आहे. मंगळवारी तुम्हाला जाऊन बावीस दिवस होतील. तुम्हाला चार वर्षं थांबायचं होतं. मला सव्वा महिनासुद्धा थांबता येणार नाही.

*

काल जाऊन आले. अक्षर वाकडं येतंय.

सकाळी सोनीबाई दारात उभी राहिली. तुमचे थोरले भाऊ आडवे आले. "सव्वा महिना व्हवाना पहिले उंबरा वलांडशी? लोकं काय म्हनतीन? आनि भाऊनं नाव तालुकाले खराब करशी?" मी पदर घट्ट धरून तिथेच उभी. सोनीबाईच म्हणाली, "भाऊ, सरक जराशी. बस चुकी जाई." ते इतके चकित झाले की खरंच सरकले.

कचेरीत मी पदराआड उभी होते. मामलेदारांनी नाव विचारलं, मी सांगितलं, कोणाला ऐकू गेलं नाही. "मोठ्याने, बाई." पुन्हा सांगितलं. मागे कोणीतरी हसलं. मी माणसांकडे बघायचं सोडून दिलं आणि टेबलावरच्या दौतीकडे बघून बोलले. त्या दौतीला सगळं सांगितलं. नक्कल माझ्या हातची आहे. मंगळवारी एकेचाळीस पान झालं. शुक्रवारी सर्कल आले. चहा. पेन.

दौलतचा वकील उठला. "छान. नवरा गेल्यावर बाई त्याच्यावर ढकलते. तो काही परत येऊन सांगणार नाही."

मी म्हटलं, "ते होते तेव्हा मी त्यांनाच सांगत होते."

हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

मी शाळेची वही पुढे केली. मामलेदारांनी मागची पानं उलटली आणि मोठ्याने वाचलं, "मंगळवार, छत्तीस ते एकेचाळीस. बुधवार, बेचाळीस ते एकोणपन्नास. गुरुवार, पन्नास ते सत्तावन्न. शुक्रवार, फक्त एकच पान, सर्कल आले, चहापाणी." त्यांनी कारकुनाला सांगून सर्कलची त्या वर्षाची रोजनिशी काढवली. त्यात तोच शुक्रवार, आपल्या गावचा मुक्काम. त्या हिवाळ्यात दुसरा मुक्काम नाही. मग माझ्यापुढे कोरा कागद आणि टाक ठेवला. "एकेचाळिसाव्या पानावर जी ओळ हवी होती, ती लिहा."

मी लिहिली. काशीरामचं नाव कंसात, खाली सोनीबाई. ओळ पुरी केली. त्यांनी तो कागद नव्या पुस्तकाशेजारी धरला आणि बराच वेळ बघत राहिले. वकीलही वाकून बघत होता. मग आपल्या जागी जाऊन बसला.

निकाल तिथेच सांगितला. सोनीबाईचं नाव चढवावं, दौलतचं एकट्याचं नाव कमी करावं, वाटा निम्मा निम्मा, नाल्याच्या अंगाचं तीन एकर वावर तिचं. कारकून लिहून घेत होता. मग त्यांनी पुढे सांगितलं, आणि कारकुनाने तेही लिहिलं, की मयत तलाठ्याने साक्षीत खोटं सांगितलं. तुमचं पूर्ण नाव घेऊन. वडिलांच्या नावासकट. मी ते ऐकत उभी होते. मला वाटलं होतं, ऐकताना बरं वाटेल. बरं वाटलं नाही. तुम्हीच येऊन सांगितलं असतंत तर ते वाक्य कोणी लिहिलं नसतं. कदाचित नोकरी गेली असती. आपण वावरात खपलो असतो. मी तुमच्या शेजारी निंदलं असतं, खरंच सांगते, आणि रात्री तुम्हाला टोमणेही मारले नसते.

ते तुम्ही माझ्याकडून हिरावून घेतलंत. मी तुम्हाला माफ करू शकत होते, ती संधीच तुम्ही ठेवली नाहीत.

आणि माझीही तीन वर्षं आहेत. तीही लिहून ठेवते. मी मंगळवारी जे केलं ते पहिल्या तारखेला करता आलं असतं. मी तुमच्या तोंडाकडे बघत बसले, कारण तसं बसणं सोपं होतं.

परतीच्या बसमध्ये सोनीबाई खिडकीशी बसली. तिने माझे आभार मानले नाहीत. बराच वेळ बाहेरची केळीची वावरं बघत होती. मग म्हणाली, "तीन वरीस लागनात तुले?"

मी म्हटलं, "लागली."

"मुकी त नही तू."

"नाही."

तिने पुडीतले मूठभर फुटाणे माझ्या पदरात ओतले. दोघी खात बसलो. गोमाई नदीचा पूल गेला, उसाच्या दोन गाड्या मागे पडल्या. मग ती एकदम वळली आणि अगदी मनापासून विचारलं, जसं कोणी जावेला विचारेल, "वहिनी, खरं सांग. तुन्हा मालक कसा माणूस व्हता?"

बावीस दिवसांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी मलाच सांगितलं होतं. मी खूप विचार केला. तुमची टोपी, डोक्याला गुंडाळलेला तुमचा पंचा, तुमचं ताटाकडे बघत बोलणं, तुम्ही मला तलाठीण म्हणालात ते. एका शब्दात काय सांगावं सुचेना. शेवटी तोंडातून निघालं ते तिच्याच भाषेत निघालं.

"अक्षर चांगलं व्हतं त्यासनं."

सोनीबाईने माझ्याकडे बघितलं आणि ती हसायला लागली. फुटाणे सांडले. पुढच्या बाकावरच्या माणसाने वळून पाहिलं, कंडक्टरने पाहिलं. पांढरं कपाळ घेऊन बसलेल्या बाईशेजारी हे काय हसणं. आणि मग, काय सांगू तुम्हाला, मीही हसले. मोठ्याने. आवाज निघाला माझा, सगळ्या बसला ऐकू गेला. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, आणि ते थांबेना, आणि आपला थांबा मागे गेला तरी थांबलं नाही.